शंभूचं चूलबंद आवतन

शंभूला बोलायचं सोडून सगळं यायचं. विहिरीवरची मोटार खोलून पुन्हा जोडता यायची, तुरीवरची अळी पानामागून ओळखता यायची. धाराशिवच्या ज्या सरकारी कचेरीत तो कारकून होता, तिथली कुठली फाईल कुठल्या कपाटात झोपलीय हे त्याला डोळे मिटून सांगता यायचं. म्हणजे सांगता यायचं नाही, काढून देता यायचं. पण समोर दोन माणसं उभी राहिली आणि त्यांतल्या एकानं नुसतं "काय शंभू, काय चाललंय?" विचारलं, की ह्याच्या पोटात गोळा यायचा, तळहात घामानं ओले व्हायचे आणि जीभ टाळूला चिकटून बसायची. मग उरायची ती मान. ती मात्र पठ्ठ्याची चांगली तयार होती. कुणी काही विचारलं की ती वरखाली व्हायची, विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं आणि बोलणं संपायचं.

ह्या मानेनं त्याला कमी हिंडवलं नव्हतं. न्हाव्यानं "एकदम बारीक करू का?" विचारलं, मान हलली, आणि ऐन थंडीत शंभू टोपी घालून फिरला. एकदा येडशीला जायचं होतं, तर कंडक्टरनं घाईत "तुळजापूर का?" विचारलं. मान हलली. चूक सांगायची म्हणजे भरल्या गाडीत तोंड उघडायचं. त्यापेक्षा तो उलट्या दिशेला तुळजापूरला गेला, देवीचं दर्शन घेतलं आणि परत आला. आई म्हणाली, देवीनंच बोलावलं असंल. शंभूनं त्यालाही मान हलवली.

वडील हिंमतराव ह्याच्या अगदी उलट. ते बोलायला लागले की शेजारच्या शिवारातली माणसं काम थांबवून ऐकायची, कारण दुसरा इलाजच नसायचा. आपल्या पोटी असं मुकं पोर कसं आलं, हे त्यांना कोडंच होतं. पोराला बोलतं करायचं म्हणून त्यांनी त्याला धाराशिवात एका क्लासला घातलं. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बाकावर उभं राहून "मी सिंह आहे" असं ओरडायला लावलं. शंभूची पाळी यायच्या आत तो पाणी प्यायला म्हणून बाहेर पडला, तो थेट बसस्थानकावरच थांबला. घरी हिंमतरावांनी विचारलं, "झाला का धीट?" त्याचं उत्तर मानेनं काय दिलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

लोक हसायचे. शंभूही वरवर हसायचा. आतून मात्र त्याला वाटायचं की आपण मुळात बिघडलेलाच माल आहोत, आणि आत कुठंतरी एक खरा, घडाघडा बोलणारा शंभू आहे, तो काही केल्या बाहेर येत नाही. त्या दुसऱ्या शंभूची वाट बघण्यात त्याची बरीच वर्षं गेली होती.

येळवस जवळ आली तसे हिंमतराव म्हणाले, "औंदा तुझ्या हाफिसातलं चार-पाच जण आण जेवायला. नोकरीला लागून एवढी वर्सं झाली, एक माणूस दावला न्हाईस."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी ह्या भागातली गावं आणि बाजार ओस पडतात. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो ज्यानं बोलावलं त्याच्या शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, आणि मग पालेभाज्या-शेंगांची घोटीव भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, ताकातली आंबील असं पोटाला तडस लागेपर्यंत खायचं. आपल्या बांधावरून येळवसेला माणूस उपाशी गेला, तर वर्षभर लोकांना तोंड दाखवायची सोय राहत नाही.

शंभूनं मनात वाक्य जुळवलं. येळवसेला आमच्या शेतात या, पाच जण. एवढंच. ते त्यानं आंघोळ करताना म्हटलं, गाडीवर म्हटलं, कचेरीच्या जिन्यात म्हटलं. दुपारच्या चहाला सगळे जमले तेव्हा घसा खाकरून तो म्हणाला, "येळवस..." आणि तिथंच अडकला.

सगळे वळले. शेजारच्या टेबलावरचा धम्मपाल मोठा मनमिळाऊ माणूस. अडलेलं वाक्य ओढून काढायची त्याला सवय होती. त्यानं विचारलं, "येळवसेला तुमच्या शेतात?"

मान हलली.

"आमी समदे?"

मान हलली. तिथं ती आवरायला हवी होती, पण इतके डोळे रोखलेले असताना शंभूचं तिच्यावर काही चालत नसे.

"घरच्यास्नी घेऊन? म्हंजे चूलबंद का काय?" धम्मपालनं गमतीनं विचारलं.

आता साधं आवतन म्हणजे घरामागं एक माणूस. चूलबंद म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळं घर. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. असं आवतन देणारा तालेवार तरी असतो, नाहीतर त्याचं डोकं तरी फिरलेलं असतं. शंभूचं दोन्हीपैकी काहीच नव्हतं. पण मान हलली, टाळ्या पडल्या आणि चहा संपला.

संध्याकाळी कचेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश पडला, 'येळवस शंभूच्या शेतात, चूलबंद! दोन गाड्या ठरल्या.' त्याखाली आनंदाची चित्रं. शंभूच्या तोंडचं पाणी पळालं. 'थोडा गैरसमज झाला आहे' असं त्यानं लिहिलं आणि पुसलं. 'फक्त पाच जण' लिहिलं, तेही पुसलं. शेवटी काहीतरी पाठवायला हवं म्हणून जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ सगळ्यांनी 'आपलं स्वागत आहे' असा घेतला. घरी सांगायचं तर हिंमतरावांना सांगावं लागणार. उद्या सांगू, उद्या सांगू करता करता येळवस उजाडली.

सकाळ मोठी झकास होती. थंडी अंगाला गोड लागत होती, हरभरा घाट्यांनी भरला होता, चिंचेला झोका बांधला होता. आई कस्तुराबाईंनी भज्जीचं पातेलं चुलीवर चढवलं होतं. घरची माणसं, वर पाच पाहुणे आणि वाट चुकलेला एखाददुसरा, असा त्यांचा हिशोब. हिंमतराव फेटा बांधून आंबील शिंपडत शेताला फेरी घालून आले होते. शंभू मात्र रस्त्याकडं बघत उभा होता. येऊ नयेत, येऊ नयेत, असं त्याचं चाललं होतं.

ते आले. दोन मोठ्या गाड्या बांधाला लागल्या आणि माणसं उतरायला लागली. साहेब, साहेबांची बायको, लेकुरवाळ्या, म्हातारी माणसं, शाळेतली पोरं. चाळीसेक तरी असतील. हिंमतरावांनी "या, या, या" म्हणून तोंडभर स्वागत केलं, पण तिसऱ्या "या"ला त्यांचा आवाज थोडा चिरकला. पाहुणे घोंगड्यांवर बसले तसं त्यांनी शंभूला दंडाला धरून कोपीमागं नेलं.

"किती जणास्नी सांगितलं व्हतंस?"

ह्या प्रश्नाला मान कामाची नव्हती. शंभूनं खाली बघितलं.

"आरं बोल की. समद्यास्नी?" हिंमतरावांनी आवाज दाबला होता, तरी बांधावरचे बगळे उडाले. "माझी आब्रू काय ह्या पातेल्यात शिजवतूस?"

तेवढ्यात कस्तुराबाई उलथनं हातात घेऊन आल्या. त्यांनी एकदा पाहुण्यांकडं आणि एकदा पातेल्याकडं बघितलं. "दहा-पंधरा जणाला पुरवीन मी. चाळीसला न्हाय पुरणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "शंभू, आजूबाजूच्या शेतात जा आन भज्जी-उंडे मागून आण. आज कुणाच्या शेतात कमी नसतंय."

"आबा जातील," शंभू पुटपुटला.

"ह्यांनी पाव्हणं टाकून जायचं? का मी चूल टाकून? आवतन तू दिलंस, तूच जा."

"मी फोनवर मेसेज करतो."

"गौरामावशीला मेसेज करतूस? तिला आकडं तेवढं वाचता येतात."

शंभू निघाला, पण शेजारच्या शेताकडं नाही. तो आपल्या मोटारसायकलकडं निघाला. गाडी विहिरीजवळ उभी होती, चावी खिशात होती आणि रस्ता मोकळा होता. धाराशिवला जायचं, एखाद्या लॉजवर दार लावून घ्यायचं, तब्येत बिघडली असं कळवायचं. पुढचं पुढं. त्यानं चावी काढलीसुद्धा. खरं सांगायचं तर त्याची लाज वाटण्यापेक्षा त्याची कीव यावी, असा त्या वेळी त्याचा चेहरा होता.

मोटारीच्या पाइपाखाली एक म्हातारी हातपाय धूत होती. धुवट पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, चेहऱ्यावर हसू. धम्मपालची आई, बनाबाई.

"तूच शंभू न्हवं?" ती म्हणाली. "धम्मा लई नाव काढतंय तुजं. बाबा, मी पोरगी व्हते तवा ह्याच शिवारात ज्वारी काढायला येत हुतो आमी. येळवसेला मालकिणी भज्जी द्यायच्या. खोटं कशाला बोलू, पोटभर द्यायच्या. पर बांधावर. कोपीपशी न्हाय. आन आवतन तर न्हाईच." तिनं पदरानं तोंड पुसलं. "धम्मा सांगत आला, आये, आख्ख्या घराला आवतन हाय. मला खरं वाटंना. दोनदा इचारलं त्याला, कुणी दिलं म्हून. आज सकाळच्यानं घरात पेटवलं न्हाय काय, च्यासुदिक न्हाय."

 हे आवतन चुकून गेलंय, हे ह्या बाईला कळलं तर? भज्जी कमी पडली आणि हिला पुन्हा बांधावर थांबायला लागलं तर? माणसांची भीती त्याला जन्मभर वाटत आली होती, पण ही भीती वेगळी होती, आणि त्या पहिल्या भीतीपेक्षा मोठी होती. त्यानं चावी खिशात टाकली आणि बांधावरून चालायला लागला.

गौराबाईचं शेत सगळ्यांत जवळ. वाटेत त्यानं वाक्य जुळवलं, 'नमस्कार, आमच्याकडं जरा पाहुणे जास्त आलेत.' बोरीखाली वीस-पंचवीस माणसं जेवत होती. तो पोचला तसे सगळ्यांचे हात थांबले. वाक्य कुठं गेलं ते कळलं नाही. गौराबाई गावात तोंडाळ म्हणून नावाजलेली, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रं, हिंमतरावाच्या? जेवायला आलास का?"

मान हलायला निघाली. शंभूनं ती धरून ठेवली, अगदी हातानं धरावी तशी. जुळवलेलं काहीच उरलं नव्हतं, म्हणून मग जे होतं तेच बाहेर आलं.

"मावशी, मला चार माणसांत बोलता येत न्हाय. भ्या वाटतंय. हाफिसात इचारलं, आमी समदे येऊ का, तर म्या नुसती मान हलवली. कुणीतरी चूलबंद म्हणलं, तवाबी हलवली. आता चाळीस माणूस येऊन बसलंय. भज्जी पायजे."

  कुणीतरी फिस्कन हसलं आणि सगळी बोरीखालची पंगत हसायला लागली. आश्चर्य असं की हे हसणं शंभूला लागलं नाही. मान हलवून चाळीस माणसं जेवायला आणायची, ही गोष्ट हसण्यासारखी होतीच. ऐकताना त्यालाही पहिल्यांदाच तशी वाटली.

"आरं, तोंड हाय की तुला," गौराबाई म्हणाली. "आमाला वाटलं, पोराच्या वाटचंबी हिंमतरावानंच घेतलंय. उचला रं ते पातेलं. आन तू बस, दोन उंडे खा. मोकळ्या तोंडानं जायचं न्हाय."

शंभूनं मान हलवली, दोन उंडे खाल्ले, वर वाटीभर आंबील प्याला. पातेलं दोघांच्या खांद्यावर बसून हिंमतरावांच्या शेताकडं निघालं. पुढच्या शेतात पुन्हा तेच. भीती तीच, पण शब्दही आले. तेच, तसेच तुटकतुटक. तिथून उंड्यांची दुरडी आणि खिरीची घागर मिळाली, आणि तिथंही बसून खावं लागलं.

दोन शेतांमधल्या बांधावर तो एकटाच चालत होता तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण आज कुणासारखं बोलायला गेलो नाही. आजवर त्यानं जी वाक्यं जुळवली ती सगळी दुसऱ्याची होती; आबांसारखी, धम्मपालसारखी, त्या क्लासच्या सरांसारखी. म्हणून ती तोंडात बसायची नाहीत. आजचं बोलणं मोडकं होतं, हळू होतं, पण त्याचं होतं. आत दुसरा कुणी घडाघडा बोलणारा शंभू बसलेला नव्हताच. हाच होता, आणि त्याला हा बरा वाटला.

शेवटचं शेत बलभीमअण्णांचं. निवडणुकीत भाषणं करणारा माणूस, त्यांच्या कोपीभोवती जत्रा भरलेली. शंभूनं सगळ्यांसमोर आपलं सांगितलं. बलभीमअण्णांनी लगेच पातेलं काढायला लावलं आणि शंभूला हाताला धरून खाली बसवलं. पत्रावळीवर भज्जीचा डोंगर पडला. तो कसाबसा संपतोय तोवर दुसरा पळा आला.

"घे अजून."

शंभूचं पोट गळ्याशी आलं होतं. मान सवयीनं हलणार, एवढ्यात तो म्हणाला, "नको."

वाढणाऱ्याचा हात वरच राहिला. येळवसेला नको म्हणणारा माणूस त्या शिवारात कुणी बघितला नव्हता.

"नको म्हंजे?" बलभीमअण्णांनी विचारलं.

"पोट भरलंय अण्णा. आन हा एक शब्द म्हणायला मला अठ्ठावीस वर्सं लागलीत, आता मागं घेत न्हाय."

 अण्णांनी पळा खाली ठेवायला लावला आणि शंभूच्या शेजारी टेकून हळू आवाजात म्हणाले, "तुला सांगतो, माझ्याबी पोटात गोळा येतोय लोकांत. गप बसलं तर लोक काय इचारतील ह्याचं भ्या. म्हून तर मी इतका बोलतो." एवढं सांगून ते उठले आणि पुन्हा मोठमोठ्यानं सगळ्यांना आग्रह करायला लागले. शंभू थक्क झाला, आणि त्याला आपल्या आबांची आठवण झाली.

तो परतला तेव्हा शेतात आनंदीआनंद होता. ज्यांनी भज्जी दिली त्यांच्यातलेही कितीजण मागोमाग आले होते, त्यामुळं माणसं चाळिसाची साठ झाली होती आणि तरी अन्न सरत नव्हतं. पोरं झोक्यावर, साहेब हरभऱ्यात. कोपीपाशी, अगदी पुढच्या घोंगडीवर, बनाबाई मांडी घालून जेवत होती आणि कस्तुराबाई तिला स्वतःच्या हातानं वाढत होत्या. शंभूनं ते दुरून बघितलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

हिंमतराव तोवर पूर्ववत झाले होते. चूलबंद आवतन द्यायची कल्पना आपलीच होती, असं ते साहेबांना सांगत होते. शंभू दिसताच त्यांनी त्याला सगळ्यांच्या मधे ओढलं. "हे बगा आमचं चिरंजीव. एका दिसात लई बोलकं झालंय. बोल रं, दोन शब्द बोल पाव्हण्यास्नी."

सगळी साठ तोंडं वळली. शंभूनं एक श्वास घेतला.

"बोलका झालो न्हाय आबा," तो म्हणाला. "तुमी समदे आलात, मला लई बरं वाटलं. खरंच वाटलं. पर आजची माणसं मला पुरी झाली. आता मी जरा तिकडं एकटा बसतो."

हिंमतरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी त्याच्या कानाशी येऊन विचारलं, "आन लोकांनी इचारलं, पोरगं कुठं गेलं, तर काय सांगू?"

"खरं सांगा."

शंभू शेताच्या पार टोकाला गेला आणि बाभळीखाली पाय पसरून बसला. मागून आबांचा आवाज आला. तो अख्ख्या शिवारानं ऐकला असणार. "शंभू तिकडं बसलाय. त्याला माणसं पुरी झाल्यात. कुणी त्याला तरास द्यायचा न्हाय. जेवा तुमी." मोठा हशा पिकला, आणि मग भांडी वाजायला लागली.

खरंच कुणी आलं नाही. ऊन उतरत होतं. ज्वारीतून वारा जात होता. आयुष्यात पहिल्यांदा शंभू कुणापासून न लपता एकटा बसला होता. लपण्यात आणि बसण्यात किती फरक असतो हे त्याला आता कळत होतं.

बऱ्याच वेळानं बांधावरून पावलं वाजली. बनाबाई हळूहळू येत होती. थोड्या अंतरावर ती थांबली. "मलाबी लई कालवा सोसत न्हाय," ती म्हणाली. "बसू का इथं? का तुला एकटंच बसायचंय? तसं आसंल तर तसं सांग, मी तिकडं बसते."

हा प्रश्न खरा होता. हो म्हटलं तरी चालणार होतं आणि नाही म्हटलं तरी. शंभूनं घाई केली नाही. आपल्याला काय हवंय ते त्यानं नीट बघितलं, आणि ती तेवढा वेळ थांबली.

"बसा," तो म्हणाला, आणि खांद्यावरचा पंचा काढून आपल्या शेजारी अंथरला.

ती बसली. दोघं समोरच्या शेताकडं बघत राहिले, आणि दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.